आधी अर्थ, मग झांज

खालची वाडी, ता. लांजा
२५ जुलै २००४

चि. नम्रता हिला आप्पाचे अ. आ.

तू पाठवलेली कॅसेट मी ऐकलेली नाही असं समजू नको. ऐकली. आणि टेपचं बटण मला दाबता येतं, त्याला कोणाची मदत लागत नाही. तू तसं विचारलं नाहीस, पण मनात आलं असेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. दोन पानं भरून लिहिलंस. अर्ध्या पानात काम झालं असतं. तुला आपल्या जाखडी मंडळातले सहा गडी पाहिजेत, ते तुझ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरच्या खेळाच्या गाण्यात कोरस म्हणणार, आणि गणपतीला येशील तेव्हा तू ते रेकॉर्ड करणार. झालं. कळलं.

ऐकायला पडवीत मंडळातले सगळे गडी जमले होते. भाताची लावणी आटपली आहे, त्यामुळे लोकांना दुसऱ्याच्या पडवीत बसायला वेळ आहे. दादू शाहीर ढोलकी घेऊनच आला, जसं काय आत्ता लगेच नाचायचं आहे. सुरुवातीला ती व्हायोलिनं बराच वेळ रडतात. मग नगारे. मग एकदम शंभर माणसं ओरडल्यासारखा आवाज, तो तू मशीनवर केलास म्हणे, सगळं नुसतं आ आणि ओ. तुझी काकी चुलीकडून पळी हातात घेऊन बाहेर आली आणि कोण गेलं म्हणून विचारायला लागली. बाबू म्हणाला, ट्रक घाट चढतोय आणि ट्रकात आख्खं देऊळ भरलंय असं वाटतं. मला वाईट वाटलं नाही. चांगलं आहे असंही म्हणत नाही.

आता तुझा कागद. शब्द दादूने वाचून दाखवले. मांगिफेरा. अनाकार्डियम. गार्सिनिया. आर्टोकार्पस. कोकोस. विठू म्हणतो ही राक्षसांची नावं. दादू म्हणतो इंग्रजी. इंग्रजी नाही एवढं मलाही कळतं, चौथी शिकलोय. तू लिहिलंस लॅटिन. असेल. पण अर्थ कुठे आहे?

मंडळाचा नियम तुला माहीत आहे, आमच्या खळ्यात लोळत मोठी झालीस. समोरच्याने शब्दाचा अर्थ विचारला आणि सांगता आला नाही, तर झांज खाली ठेवायची आणि गप बसायचं. हा नियम माझ्या बापाच्या वेळचा आहे, कंपनीसाठी मोडणार नाही. गडी तयार आहेत, उद्या म्हण म्हटलं तर उद्या म्हणतील. मी तयार नाही. एका ओळीत अर्थ लिहून पाठव, मग बघू.

तुझा बाप, माझाच धाकटा भाऊ, लांज्याच्या बाजारात भेटला. काजूच्या कारखान्यात ऑफिसात तुझ्यासाठी खुर्ची बघून ठेवली म्हणाला. तुझी कंपनी दिवाळीनंतर तुला ठेवते की नाही याचा त्याला भरवसा नाही. मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

पत्र लहान लिही. माया आहे ती आहे, दर वेळी मागून घ्यायला नको.
आप्पा


अंधेरी, मुंबई
१ ऑगस्ट २००४

ती. आप्पांना नम्रताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी अक्रमला वाचून दाखवलं. हा आमच्या कंपनीतला रेकॉर्डिंगवाला, आपल्या पूर्णगडचाच. घाट आणि देऊळ दोन्ही त्याला माहीत असल्यामुळे तो अजून हसतोय. बाबूकाकांना सांगा, इतकं नेमकं अजून कोणी बोललं नव्हतं.

आधी हा खेळ काय ते सांगते. कॉम्प्युटरवर एक राजा असतो आणि खेळणारा बटणं दाबून त्याला चालवतो. लहानसहान शत्रू मारत तो किल्ल्यात शिरतो आणि शेवटी मोठा राक्षस समोर येतो. त्या क्षणी संगीत बदलतं. जपानच्या, अमेरिकेच्या खेळांत गेली काही वर्षं तशी रीतच पडली आहे. मोठी लढाई आली की व्हायोलिनं, तुताऱ्या, नगारे आणि त्यावर लॅटिन कोरस. हे त्यांनी जुन्या युरोपातून उचललं. तिकडे दोनदोनशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या वाद्यवृंदांसाठी लिहिलेलं संगीत आहे, आणि माणूस गेल्यावर चर्चमध्ये सगळे मिळून लॅटिनमध्ये गायचे, तेही त्यात आलं. म्हणजे काकीने कोण गेलं विचारलं ते काही चुकलं नाही. आपल्यापेक्षा फार मोठं काहीतरी समोर उभं आहे, असं ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे. शब्द कोणालाच कळत नाहीत. खेळणारी पोरं अर्थ विचारत बसत नाहीत, राक्षस मारतात. कळले तर उलट भीती जाते, असं आमच्या साहेबांचं म्हणणं. साहेब पुण्याचे आहेत, त्यांना प्रत्येक गोष्टीवर म्हणणं असतं.

खरा कोरस आणायचा तर कंपनीला परवडत नाही. मशीनचा कोरस तुम्ही ऐकलात, त्याला श्वासच नाही. आपले गडी गोल फिरत, पायातले चाळ वाजवत, शाहिराची ओळ उचलून एका दमात झील धरतात, तसा आवाज मला अख्ख्या मुंबईत सापडला नाही. ही चाल मी एकटीने केलेली पहिलीच आहे. ती पसंत पडली तर दिवाळीनंतर मी कंपनीत कायम. नाही पडली तर बाबांनी बघितलेली ती खुर्ची. खुर्चीला मी नावं ठेवत नाही, पण तिच्यावर बसून मी वाजवणार काय?

तेव्हा अर्थाचं तेवढं सोडा ना आप्पा. नुसता आवाज आहे असं धरून चाला.

रागावू नका. रागावलात तरी उत्तर मात्र पाठवा.
तुमची नम्रता


खालची वाडी
८ ऑगस्ट २००४

चि. नम्रता, आशीर्वाद मागच्या पत्रातले चालू आहेत असं समज.

लढाईचं मला समजावू नको. आमच्या सामन्यात दुसरं काय असतं? आम्ही शक्तीवाले, समोर तुरेवाले. ते सवाल टाकतात, आम्ही जवाब देतो, आणि एकाची मान खाली जाईपर्यंत ढोलकी थांबत नाही. तुझ्या राक्षसाचंही तेच. तो पडेपर्यंत वाजत राहणार. इथपर्यंत पटलं.

नुसता आवाज धरा, हे पटलं नाही. तू जन्मलीस त्या वर्षीची गोष्ट. तुरेवाल्यांचा शाहीर शाळेच्या मैदानात आमच्यासमोर उभा होता. गळा असा, की आमचेच गडी माना डोलवत होते. जोरात आला आणि पुस्तकातला एक जड शब्द फेकून मोकळा झाला. मी अर्थ विचारला. त्याने ढोलकीकडे बघितलं, मग वर बघितलं, मग पुढच्या रांगेत बसलेल्या आपल्या बायकोकडे बघितलं. झांज खाली ठेवली. आमच्यापेक्षा चांगला गायला होता, तरी गेला. आपण काय बोलतो ते त्याला ठाऊक नव्हतं, बाकी काही चुकलं नव्हतं बिचाऱ्याचं.

दादूने मला न विचारता तुझी चाल वाडीतल्या पोरांना शिकवली. आता गुरं वळवताना आर्टोकार्पस ओरडतात. दादू म्हणतो चाल फार संथ आहे, राक्षसाला झोप लागेल. त्याने आपल्या जाखडीसारखी सुरुवातीला धरून ठेवली आणि मग चढवत नेली, शेवटी दुप्पट. माझा पाय हलला, हे कबूल. पाय हलला म्हणून तोंड उघडेन असं नाही.

आणि एक. तुझं पत्र मी परत वाचलं. शब्द कोणाला कळत नाहीत असं लिहिलंस. तुला कळत नाहीत, असं कुठेच लिहिलं नाहीस. लहानपणी तू गुळाच्या डब्याकडे न बघता बोलायला लागलीस की तुझ्या काकीला समजायचं. पोरी, मी पण त्याच घरात राहतो.

खरं लिही, तोवर तुझं माझं बरं आहे.
आप्पा


अंधेरी
१४ ऑगस्ट २००४

ती. आप्पा आणि काकी, दोघांना शि. सा. न.

पकडलंत.

झालं असं. साहेबांनी एक दिवस सगळ्यांना बोलावून विचारलं, लॅटिन कोणाला येतं का. माझा हात वर गेला. मी रत्नागिरीच्या कॉलेजात तीन वर्षं झाडं शिकले, आणि झाडांची शास्त्रातली नावं लॅटिनच्या वळणाची असतात. मला तेवढंच लॅटिन येतं. चर्चमधले शब्द कॅसेटवरून ऐकून उचलता आले असते, पण ती कोणाची तरी प्रार्थना. कोणाचं तरी माणूस गेल्यावर म्हटलेले शब्द राक्षस मारायला वापरायचे, हे मला बरं वाटेना. मग जे येत होतं ते घातलं.

मांगिफेरा म्हणजे आंबा. अनाकार्डियम म्हणजे काजू. गार्सिनिया म्हणजे रातांबा, काकी ज्याची आमसुलं करते तो. आर्टोकार्पस फणस, आणि कोकोस म्हणजे माड.

साहेबांना मी मशीनवर वाजवून आणि स्वतः ओरडून दाखवलं. फणसाच्या जागी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले की प्रत्यक्ष मृत्यू चालून येतोय असं वाटतं. त्यानंतर सांगायचा धीर कसा होणार? अक्रमला तेवढं माहीत आहे. तो माझ्या टेबलावरून जाताना हळूच कोकोस म्हणतो आणि मला तोंड फिरवून बसावं लागतं.

तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही हसाल आणि मग गडी हसतील, आणि हसत हसत कोणी लढाईचं गाणं म्हणू शकत नाही. आता गायचं की नाही ते तुम्ही ठरवा. गणपतीची रजा मी मागून ठेवली आहे.

हसून झालं की दोन ओळी लिहा.
नम्रता


खालची वाडी
२२ ऑगस्ट २००४

चि. नम्रता, अ. आ.

मी हसलो नाही. तुझी काकी हसली, दूध उतू गेलं, त्याचा राग माझ्यावर निघाला.

अडचण कसली आहे ते मला कळेना. अर्थ आहे, आणि चांगला आहे. ह्यापेक्षा वाईट गोष्टी आम्ही म्हटल्यात. गडी गातील. बाबूने फणस आपल्याकडे मागून घेतला आहे, त्याच्या परड्यात दोन झाडं आहेत म्हणून. विठू विचारतो, सुपारीने काय घोडं मारलंय. तिचं पण नाव असेल तर घाल, नाहीतर तो तोंड फुगवून गाईल आणि आवाज नाकातून येईल.

रेकॉर्डिंग आंब्याच्या वखारीत करू. पेट्यांसाठी आणलेला पेंढा तिथे छपरापर्यंत रचलेला आहे, आवाज घुमत नाही. तुझ्या अक्रमला सांग येताना वायरी पुरेशा आण, इथे प्लग एका कोपऱ्यात आहे. आणि जेवायलाच राहायचं, ते सांगायला नको.

आता माझी अट. साहेबाने विचारलं नाही तर तू बोलू नको, ते तुझं तू बघ. पण त्याने तोंडावर अर्थ विचारला, तर सांगायचा. गाणं तू केलंस म्हणजे शाहीर तू. नियम तुलाही.

बाकी आलीस की बोलू. फोन करू नको. हौसाच्या दुकानात फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या तिठ्याला बातमी.
आप्पा


खालची वाडी
३ ऑक्टोबर २००४

चि. नम्रता हिला आशीर्वाद. अक्रमलाही सांग. पोरगा कामाचा आहे, बोलत कमी.

तू रेकॉर्डिंग उरकून, गौरी पोचवून गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी सामना होता. तुला कोणीतरी सांगेलच, तर मीच नीट सांगतो, नाहीतर दादू तिखटमीठ लावेल.

दुपारपासून चालू होतं. समोर लांज्याचे तुरेवाले, तयारीचे. आमच्यावर चढत गेले. दिवेलागणीच्या सुमाराला आमच्याकडचं बरंचसं संपलं होतं, आणि दादूने माझ्याकडे न बघता तुझी चाल धरली. मी डोळे वटारले, पण ढोलकी सुरू झाल्यावर डोळ्यांना कोण विचारतो. वखारीत गड्यांनी इतके दिवस घोटलेलंच होतं. संथ धरली, गोल फिरायला लागले, चाळ एका ठेक्यात, आणि मांगिफेराला सहाच्या सहा आवाज वर गेले. पाळण्यातलं पोर रडायचं थांबलं म्हणतात. ते मी बघितलं नाही, म्हणून छातीवर हात ठेवून सांगत नाही.

मग जे व्हायचं ते झालं. त्यांच्या शाहिराने झांज वर करून अर्थ विचारला. दादूने माझ्याकडे बघितलं, तेव्हा बरोबर बघितलं. मी उठलो. एकेक नाव घेतलं आणि एकेक झाड सांगितलं. लोक हसायला लागले, शिट्ट्या. तो काही कच्चा नव्हता. त्याने विचारलं की आंब्याफणसाचं सामन्यात काय काम. मी म्हटलं, तू माझ्या जमिनीवर लढायला आलास ना? मग जमिनीवर काय उभं आहे ते आधी ऐकून घे. न्यायचं असेल तर ने, जमलं तर.

तो हसला आणि झांज खाली ठेवली. नंतर आमच्याकडेच आंबोळ्या खायला बसला आणि अरेका म्हणजे सुपारीच ना, असं विठूला चारदा विचारलं. विठू हल्ली फार ताठ चालतो.

तुझ्या साहेबाने टेप ऐकली का? मला काही घाई नाही, गडी विचारतात.

लोभ कमी झालेला नाही, एवढं कळावं.
आप्पा


अंधेरी
२४ ऑक्टोबर २००४

ती. आप्पांना शि. सा. न. वि. वि.

सामन्याचं वाचून मी उठून टेबलाभोवती फिरले. आता माझं ऐका. हे लिहायला बरेच दिवस लावले.

टेप साहेबांना फार आवडली. दादूकाकांची चढती लय मी तशीच ठेवली आणि व्हायोलिनं तिच्या मागे पळवली. साहेबांनी ती परदेशात पाठवली, कारण हा खेळ आम्ही तिकडच्या एका कंपनीसाठी करतो. तिकडूनही आवाजांचं कौतुक आलं, हे कोण गातात म्हणून विचारलं, आणि शब्दांचा अर्थ मागितला. साहेबांनी मला बोलावून अर्थ विचारला. आग, रक्त, अंधार असं काहीही सांगता आलं असतं. त्यांनी पेन उघडून ठेवलंच होतं. पण मला एकदम मैदान दिसलं आणि झांज दिसली. मी सांगितलं. आंबा, काजू, रातांबा, फणस, माड, सुपारी.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि मला जायला सांगितलं.

मग तिकडच्या माणसाने नवीन शब्द लिहून पाठवले, खरं लॅटिन. चाल तीच, आवाज तेच हवेत. म्हणजे आपल्या गड्यांनी नवे शब्द परत म्हणायचे, दिवाळीला अक्रम मशीन घेऊन येईल. झालं तर मी कायम. नाही तर ही चाल खेळातून जाईल, आणि तिच्याबरोबर मीही. साहेबांनी हे शांतपणे सांगितलं, माणूस दुष्ट नाही.

कागद सोबत आहे. प्रत्येक ओळीखाली मराठीत अर्थ लिहिला आहे. न लिहिता पाठवता आला असता, किंवा थोडा गोड करून लिहिता आला असता. तसं केलं नाही. वाचा आणि गड्यांना दाखवा. मला काय वाटतं ते मी लिहीत नाही, कारण ते लिहिलं तर तुम्ही माझ्याकडे बघून उत्तर द्याल.

साहेबांनी गावातला एखादा फोन नंबर मागितला. हौसाकाकूंच्या दुकानाचा दिला. त्यासाठी माफ करा.

काकीला सांगा, मी जेवते आहे.
नम्रता


खालची वाडी
७ नोव्हेंबर २००४

चि. नम्रता हिला अ. आ.

हे पत्र लांब होणार, मलाही आवडत नाही, पण तुकड्यातुकड्यांनी सांगितलं तर तू मधेच फोन करशील.

तुझा कागद मी गड्यांना वखारीत बसवून वाचून दाखवला, अर्थासकट. गड जळू दे. सैनिकांची हाडं कुत्र्यांना मिळू दे. इथवर ठीक, लढाई आहे. आईच्या मांडीवरचं पोर राख होऊ दे, इथे बाबूने माझ्याकडे बघितलं. त्याची सून माहेरी गेली आहे, दिवस भरत आलेत. आणि शेवटची ओळ, त्यांच्या झाडांना पुन्हा कधी फळ धरू नये.

दादू उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. तुला सांगायला नको, झाडांना पालवी आहे, थंडी पडली की मोहर. दर वर्षी देवळात उभं राहून आपण हात जोडून काय गाऱ्हाणं घालतो? फळ धरू दे. आणि तोच माणूस त्याच तोंडाने वखारीत, आंब्याच्या पेंढ्यावर बसून, हे म्हणणार? देव कोपेल वगैरे मी म्हणत नाही. देवाला दुसरी कामं असतात. पण तोंड आपलं आहे. विठूने विचारलं, आपण अर्थ विसरून म्हटलं तर? म्हटल्यावर स्वतःच मान हलवली. एकदा कळलेलं कसं विसरणार. कोणी म्हणणार नाही. मी कोणाला सांगितलं नाही नको म्हणा म्हणून, त्यांनीच ठरवलं. तुझी नोकरी यावर आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

हे तुला लिहायला बसणार, तेवढ्यात हौसाने पोरगं धाडलं, मुंबईचा फोन. तुझा साहेब. पुण्याची भाषा, फार स्वच्छ. गड्यांचे पैसे वाढवून देतो म्हणाला. मी म्हटलं पैशाचं राहू दे, आधी ते शब्द काय आहेत ते सांगा. म्हणाला कागद पाठवलाय. मी म्हटलं कागद मुलीने लिहिलाय, गायला सांगणारे तुम्ही, तर अर्थ तुमच्या तोंडून ऐकतो, आमच्याकडे तशी पद्धत आहे. फोनचा आवाज बारीक येत होता, म्हणून तो एक ओळ सांगायचा आणि मी ती मोठ्याने परत म्हणून बरोबर का विचारायचो. दुकानात माणसं होती. गड त्याने जोरात जाळला. हाडांना आवाज जरा खाली आला. पोराची ओळ सांगताना मधेच अडकला. परत सांगा म्हटलं. सांगितली. मी ती दुकानात म्हटल्याबरोबर हौसा गल्ल्यावरून उठली, माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि त्यात ओरडली की तिन्हीसांजेला तिच्या दुकानात असलं अभद्र कोण मेला बोलतोय, त्याला घरी आईबाप नाहीत का. मग फोन मला परत दिला आणि साखर मोजायला लागली.

साहेब हळू आवाजात म्हणाला की शेवटची ओळ राहू दे, ती तो सांगत नाही. मी म्हटलं, सांगवत नाही ना? मग आमच्याकडून कशाला म्हणवून घेता. त्याने जुन्या शब्दांचं विचारलं, ती झाडं खरोखर आमची का. मी म्हटलं तर काय भाड्याची? आणि लांज्याच्या शाहिराला जे सांगितलं ते त्याला सांगितलं. मग म्हणाला की असं असेल तर तो तिकडे असंच लिहून बघतो, की राजा लढायला जाताना आपल्या देशातल्या झाडांची नावं घेतो. डोकं आहे माणसाला, वापरायला वेळ लागतो इतकंच.

मी आशा धरली नाही आणि तुला लिहिलंही नाही. उगाच कशाला.

काल परत फोन आला. तिकडच्यांनी मान्य केलं. झाडंच राहणार. गड्यांना परत काही म्हणायचं नाही, जे वखारीत म्हटलं तेच चालतं. आणि तुझं दिवाळीनंतर पक्कं, तसा कागद तो तुला दिवाळीची सुट्टी संपली की देणार आहे. हे तुला आधी मी सांगणार का, असं त्याने विचारलं, मी म्हटलं तुम्ही नाही म्हणालात तरी सांगणार. तुझ्या बापाला लांज्याला निरोप धाडला, खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या म्हणून. तो येऊन पडवीत बसला, चहा प्याला, जाताना काकीजवळ तुझ्यासाठी कुळथाचं पीठ ठेवून गेला.

गड्यांना सांगितलं. दादू लगेच म्हणायला लागला की चढती लय त्याची. म्हणू दे. बाबूला नातू झाला, ते पण कालच.

साहेब कालच्या फोनवर तुझ्याबद्दल आणखी पण बोलला, बरंच बोलला, हौसा दुकान बंद करायचंय म्हणून खुणा करत होती तरी बोलत होता. काय बोलला ते मी सांगणार नाही. काकीने कालपासून दहादा विचारलं, तिलाही सांगितलं नाही. तू विचारू नको, पत्रातून नको, फोनवर नको, दिवाळीला आलीस की समोर बसून पण नको. नाही म्हणजे नाही.
आप्पा